कच्च्या दोऱ्यातलं मृत्युपत्र

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या मुलाला दुसरी मुलगी झाली, त्याच वर्षी मास्तरांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं. दवाखान्यातून घरी आल्यावर धाकटी बहीण म्हणाली, "दादा, आता तरी दुकानाचं कागदावर आणा."

नवरा गेल्यावर धाकटी भावाकडे आली, तेव्हापासून सव्वीस वर्षं ती दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर बसत होती. काजं, बटणं, अस्तर सगळं तिच्या हातचं. राहायचीही दुकानामागच्या खोलीत. पण दुकान आणि खोली मास्तरांच्या नावावर होती, आणि वारस म्हणाल तर एकुलता एक मुलगा, परगावी नोकरीला. उद्या काही झालं तर आपण कुठे जायचं, एवढाच तिचा प्रश्न होता.

"मला घालवायची घाई झालीय का तुला?" मास्तर म्हणाले.

"घाई कसली? गिऱ्हाइकाला दिलेली तारीख तुम्ही कधी पाळली नाही, ही बरी पाळाल."

मास्तर हसले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त कारकुनाकडून त्यांनी मसुदा लिहून घेतला. दुकान आणि खोली धाकटीला, राहतं घर मुलाला. कारकून म्हणाला, दोन साक्षीदार बोलवा, सही करा, विषय संपला.

इथे मास्तरांमधला शिंपी आडवा आला. उभ्या जन्मात त्यांनी ट्रायल घेतल्याशिवाय पक्की शिलाई मारली नव्हती. कोट आधी कच्च्या दोऱ्याने टाचायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, कुठे काचतो का विचारायचं, मगच मशीनखाली घालायचा. मृत्युपत्राचंही त्यांनी तेच केलं. मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्याला वाचून दाखवलं.

"ठीक आहे बाबा," मुलगा म्हणाला. "फक्त ती खोली... पुढेमागे मुलींना शिकायला इकडे राहावं लागलं तर?"

मास्तरांनी मसुदा उसवला. दुसऱ्या कागदात खोली मुलाकडे गेली. आठवडाभर धाकटीची काजं वाकडी येत होती. तिसऱ्यात खोली तिला हयातभर. चौथ्याच्या वेळी सूनबाईंनी फोनवर काहीतरी सुचवलं. असं पावणेदोन वर्षं चाललं.

"दादा, एकच कोट सगळ्यांच्या अंगाला कसा बसेल?" धाकटी एकदा वैतागून म्हणाली. "शिवा एकदाचा आणि मोकळे व्हा."

"कुणाला काचायला नको गं."

"तुम्ही गेल्यावर काचलं तर तुम्हाला कुठे कळणार आहे?"

"म्हणून तर आत्ताच बघून घेतोय."

मुलगा वाईट नव्हता. वडील गेल्यावर त्याने ड्रॉवरमधले सातही कागद कापायच्या टेबलावर मांडले. टाचण्या सगळ्यांना होत्या, सही एकावरही नव्हती.

"आत्या, तूच सांग. बाबांचं खरं म्हणणं यातलं कुठलं?"

धाकटीने पाचवा कागद पुढे सरकवला. त्यात दुकान आणि खोली दोन्ही तिची होती. मुलाने सातवा उचलला. त्यात सगळं निम्मं निम्मं होतं. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. वकिलाने सातही कागद परत दिले. बिनसहीचे कागद धरता येत नाहीत, सगळं मुलाचं, असं त्याने सांगितलं.

मुलाने दीड वर्ष आत्याला काही म्हटलं नाही. मग त्याला तिकडे घर घ्यायचं झालं आणि त्याने दुकान खोलीसकट विकलं. बासष्टाव्या वर्षी धाकटीने आपलं मशीन हातगाडीवर चढवलं आणि दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या जागेत नेलं.

मास्तर वारले ते नऊ मार्चला, बुधवारी सकाळी, सातवा मसुदा लिहून झाल्यावर अकरा दिवसांनी.