पंप बंद ठेवून

बेटावरचा जनरेटर संध्याकाळी सात ते आठ एवढाच वेळ चालतो, हे मी मंडळाला चार वेळा सांगितलं होतं. एकदा तोंडी, एकदा लेखी, एकदा फोनवर आणि एकदा भावजींच्या जेवणाच्या टेबलावर चमचा आपटून. पालथ्या घड्यावर पाणी.

भावजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमच्या संगीत मंडळाचे सचिव. माणूस सरळ, पण चारचौघांत वाईट दिसेल या भीतीने कायम वाकलेला. मी पडले पायाला भिंगरी लागलेली. नोकरी संपल्यापासून वर्षातले सहा महिने घराबाहेरच असते. मागच्या वर्षी त्या बेटावर चार दिवसांसाठी गेले आणि फेरीबोट बंद पडली म्हणून तेवीस दिवस राहिले. ज्या बाईने मला ठेवून घेतलं तिची स्वतःची होडी होती, म्हणून मी तिला होडीवाली म्हणायचे. तेवीस दिवसांत तिने एकदाही विचारलं नाही, की तू जाणार कधी. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी विचारतात.

यंदा वादळ आलं आणि समुद्र बेटावर चढला. होडी गेली, निम्मी घरं गेली आणि तिन्ही विहिरींत खारं पाणी शिरलं. अशी विहीर पुन्हा पिण्याजोगी व्हायची तर उपसत राहावं लागतं. खारं काढायचं, झिरपून येईल तेही काढायचं, महिनोन्‌महिने. त्यांच्याकडे एक लहानसा पंप उरला होता, एक लहानसा जनरेटर आणि रोज तासभर पुरेल एवढं डिझेल. तोवर प्यायचं पाणी सोमवारी आणि शुक्रवारी बोटीने येणार, पिंपांतून. इंजिनाचा मोठा पंप मिळाला तर महिन्याभरात एक विहीर हाती लागेल, असं होडीवाली म्हणाली. तिचं मागणं एवढंच.

पंपाच्या पैशांसाठी मी गाण्याचा कार्यक्रम ठरवला. गायिकेला गाठलं, व्हायोलिनवाल्यांना गाठलं. कुणी मानधनाचं नावही काढलं नाही. सभागृह मात्र मंडळाचं, आणि मंडळाचे अध्यक्ष ब्लँकेटांवर अडून बसले.

"वादळाला ब्लँकेटंच देतात," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तिथे उकाड्याने माणसं अंगणात झोपतात."

"ताई, ब्लँकेट हातात देताना दिसतं तरी. पंप फोटोत काय दिसणार?"

हे त्यांनी तोंड वर करून सांगितलं, आणि चार जणांनी माना डोलावल्या. भीक नको पण कुत्रं आवर ही म्हण ज्याने केली, त्याने आमचं मंडळ पाहिलं असावं.

शेवटी भावजींनी तोड काढली. मध्यंतरात होडीवालीने फोनवरून प्रेक्षकांशी बोलायचं. लोकांना पटलं तर पंप, नाहीतर ब्लँकेटं.

होडीवालीशी माझं बोलणं नेहमी दोन मिनिटांत आटपायचं. हे सांगितल्यावर मात्र तिने हिशेब मांडला.

"मोबाइलचा टॉवर त्याच जनरेटरवर चालतो, ताई. एक तर पंप, नाहीतर फोन. किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं."

"दहा देते," ती म्हणाली.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. गायिकेने पहिला भाग असा रंगवला, की मागच्या रांगेतले खोकणारेसुद्धा गप्प झाले. सातला पाच कमी असताना अध्यक्ष माइकपाशी आले आणि "फक्त दोन शब्द" म्हणाले. दोन शब्द बोलतो म्हणणारा माणूस वीस मिनिटांच्या आत खाली बसलेला मी पाहिलेला नाही.

मी रंगमंचाच्या कडेला माइकवाल्याच्या टेबलापाशी उभी होते. माझा फोन त्याने वायरीने सभागृहाच्या कर्ण्यांना जोडून ठेवला होता. एक बटण वर केलं की झालं. ठीक सातला फोन वाजला.

"ताई, बोलू?" होडीवाली म्हणाली.

"एक मिनिट थांब हं."

अध्यक्ष आभार मानत होते. मग त्यांनी त्यांचं बालपण काढलं. मग त्यांना समुद्र पहिल्यांदा दिसला. सात वाजून दहा मिनिटं झाली.

"ताई?"

"होतंच आलंय."

मी हातवारे केले. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि बेटवासीयांच्या सोशिकपणावर सुरू केलं. मी पाऊल पुढे टाकलं तर भावजींनी कोपर धरलं.

"ताई, मधे बोलणं बरं दिसत नाही."

"आणि तिकडे पंप बंद ठेवून ती बाई बसलीय ते बरं दिसतं?"

"दोन मिनिटांत संपवतील."

सात सतरा. माझ्या अंगाची आग आग होत होती. अर्धा राग अध्यक्षांवर होता आणि अर्धा स्वतःवर, कारण दहा मिनिटांचा शब्द मीच दिला होता. मी माइकवाल्याकडे वळले.

"वर कर बटण."

"साहेब बोलतायत, बाई."

"माझं नाव सांग."

त्याने एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बटण वर केलं.

अध्यक्ष म्हणत होते, "हे निसर्गाचे साधेभोळे लेकरू—" आणि सगळ्या सभागृहात होडीवालीचा आवाज घुमला.

"ताई, कोण बोलतंय गं एवढं? त्यांना म्हणावं आवरा. आमची विहीर उपसायची राहिलीय."

लोक हसले. अध्यक्षांचा चेहरा पडला, पण माणूस पट्टीचा. आवाज मऊ करून म्हणाले, "बोला बाई, मन मोकळं करा. काय काय सोसलंत ते सांगा आम्हाला."

"सोसलं ते सोसलं. ते आमचं आम्ही बघू. आम्हाला मोठा पंप पाहिजे."

"आम्ही चारशे ब्लँकेटं पाठवतोय. मायेची ऊब."

"ऊब आहे इथे भरपूर. पाणी नाही. पंप द्या. ठेवते आता, जनरेटर चालू आहे तोवर पंप लावायचाय."

आणि तिने फोन ठेवला.

"लाइन तुटली वाटतं," अध्यक्ष म्हणाले.

मी सरळ रंगमंचावर गेले आणि माइक माझ्याकडे वळवला. "लाइन तुटली नाही. तिने फोन ठेवला. वीस मिनिटं तिने आपल्यासाठी विहीर थांबवली होती." टाळ्या पडल्या. बऱ्याच पडल्या. मध्यंतरात चार अनोळखी बायका येऊन म्हणाल्या, पंपच द्या. मला वाटलं, जिंकलं.

बुधवारी मंडळाची बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं, निरोप घेऊन भावजी घरी आले. चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "काही देणगीदारांना तो सूर रुचला नाही. साधं धन्यवादसुद्धा म्हटलं नाही, म्हणतात. घेणाऱ्याच्या बोलण्यात जरा नम्रता हवी."

"तिला तहान लागलीय, भावजी. तहानलेल्या माणसाने आधी तुमच्या पाया पडायचं?"

"मी म्हणालो नाही, ताई. बैठकीत म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

ते काहीच म्हणाले नव्हते. वाईट दिसलं असतं.

गुरुवारी ब्लँकेटं धक्क्यावर पोचली, अध्यक्षांचा फोटो निघाला. मी पंपवाल्यांचे उंबरे झिजवत होते. एकाने पुढच्या आठवड्यात बघू म्हणून सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी होडीवालीचा फोन आला.

"ब्लँकेटं आली, ताई. बोट तीच, पाण्याची. बोटीवरचा तांडेल म्हणाला, गठ्ठ्यांमुळे जागा नव्हती, पिंपं धक्क्यावरच राहिली."

मी त्या धक्क्यावर असते तर एकेक गठ्ठा पाण्यात लोटला असता. ते बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि रडू आलं.

"रडू नको, वेळ जातो," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत कसंतरी काढू. फक्त पुढच्या वेळी मदत पाठवायची झाली, तर आधी विचारत जा, आम्हाला परवडेल का."