क्रेट कुठे धुतात

दर्शनाने एम.एस्सी.ला शाश्वत पुरवठा साखळी हा विषय घेतला, तेव्हा घाटकोपरच्या त्यांच्या वस्तीत ते नाव कुणालाच धड उच्चारता येईना. "माल कुठून येतो, कुठं जातो आणि जाता जाता कुणाची वाट लावतो, ते शिकते," असं तिने आईला सांगितलं. आईला, म्हणजे शकुला, तेवढं पुरलं. पोरगी पवईच्या कॉलेजात जाते, हेच तिला मोठं होतं.

शेवटच्या सहामाहीत प्रोजेक्टसाठी दर्शनाला 'हिरवाई फ्रेश' ही कंपनी मिळाली. नाशिकची भाजी आणून मुंबईच्या मॉलना पुरवायची, हा तिचा धंदा. आधी थर्माकोलच्या खोक्यांतून जाणारी भाजी आता पुन्हा पुन्हा वापरता येतील अशा प्लास्टिकच्या क्रेटमधून जायची आणि कंपनी ते जिथेतिथे मिरवायची. तिथला मॅनेजर चैतन्य याच कॉलेजचा, दर्शनाचा सीनियर.

"कचरा किती वाचला, तेवढं मोजून दे," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "प्रोजेक्ट झकास झालं की जॉब तुझाच समज."

दर्शना मोजायला बसली. कंपनीच्या नकाशावर शेत, गोदाम, मॉल असे मोठे चौकोन होते आणि परतीच्या बाणाखाली बारीक अक्षरांत 'धुलाई' लिहिलेलं. ही धुलाई होते कुठे? गोदामात विचारलं, तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. शेवटी एका सकाळी रिकामे क्रेट नेणाऱ्या टेम्पोत ती ड्रायव्हरशेजारी चढून बसली.

टेम्पो थांबला साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत. एका ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका उकिडव्या बसून क्रेट घासत होत्या. पाण्यात कॉस्टिक सोडा आणि हात उघडे. कुणाच्या बोटांची सालटं निघालेली, कुणाच्या तळव्याला भेगा. सगळा फेस मागच्या नाल्यात जात होता.

वनमाला नावाची बाई त्यांच्यात जुनी. आपण काय लिहिणार ते दर्शनाने सांगितल्यावर ती भडकलीच.

"तू लिहिशील, तुला डिग्री मिळंल. आमचं काम जाईल त्याचं काय?"

"काम जाऊ नये, असंच लिहीन मावशी."

"तुझ्या लिहिण्याला कोण विचारतंय गं?"

तरी दर्शना पुन्हा पुन्हा येत राहिली, बायकांशेजारी बसून बोलत राहिली. शेवटी वनमालाच म्हणाली, "लिही. नाव नको घालू कुणाचं. आणि ठेकेदाराला हाकला म्हणून नको लिहू. हातमोजे द्या म्हण, घाण पाण्याला टाकी बसवा म्हण."

तसंच तिने लिहिलं. वाचून चैतन्यचा चेहरा उतरला.

"हे काढ यार. तो ठेकेदार आहे, आमचा माणूस नाही."

"क्रेट तर तुमचेच ना?"

"जॉब हवाय ना तुला?"

"हवाय. पण हे राहणार."

तिचे मार्गदर्शक परुळेकर सर भला माणूस, पण भांडण त्यांच्या अंगावर काटा आणायचं. "ते अहवालाच्या शेवटी जोडून टाक. उगाच कंपनीशी वैर कशाला?" म्हणाले. दर्शनाने शेडचं ते प्रकरण उचललं आणि सगळ्यात आधी घातलं.

सादरीकरणाच्या दिवशी समोर प्राध्यापक होते, चैतन्य होता आणि भाजी घेणाऱ्या मॉलतर्फे आलेल्या श्रुतिका मॅडम. दर्शनाने शेड दाखवली, नाला दाखवला. कुणाचा चेहरा दाखवला नाही, फक्त हात. ती थांबली तसा चैतन्य उठला.

"असलं काही आम्ही खपवून घेत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "आज सकाळीच त्या ठेकेदाराचं काम आम्ही बंद केलं."

टाळ्या पडल्या. परुळेकर सरांनीही सुटल्यासारख्या वाजवल्या. पण जे होऊ नये म्हणून दर्शनाने पानं भरली होती, तेच तिच्या नावाने होत होतं.

"उद्या क्रेट कुठे धुणार?" तिने विचारलं.

"बघू. दुसरी व्यवस्था होईल."

"म्हणजे दुसरी शेड, दुसऱ्या बायका, तोच सोडा. यांचं काम गेलं आणि नाला इथला तिथे गेला. याला तू सुधारणा म्हणतोस?"

"दर्शना, वेळ संपला," सर हळूच म्हणाले. "खाली बस."

"नाही बसणार, सर. माझ्या कामाच्या नावावर बायकांना हाकलणार असाल, तर मार्क देऊ नका मला. पण याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून हलत नाही."

श्रुतिका मॅडम चैतन्यकडे वळल्या. "मलाही हेच विचारायचंय. उद्या कुठे?"

त्याला सांगता येईना. आठवडाभरात शेडची दुरुस्ती कशी करणार ते लेखी द्या, तोवर नवी ऑर्डर नाही, असं त्या भर सभेत बोलल्या.

दर्शना तडक रिक्षाने साकीनाक्याला गेली. बायकांनी तिची वाट पाहिलीच नव्हती. ठेकेदाराने काम सुटल्याचं सांगताच त्यांनी धुतलेले क्रेट दारात रचून टेम्पोची वाट अडवली होती. आत कंपनीचे बाकीचे क्रेट, बाहेर हॉर्न वाजवून दमलेला ड्रायव्हर.

"तुझ्यामुळं झालं हे," वनमाला तिच्यावर ओरडली. भरपूर बोलली. दर्शनाने सगळं ऐकून घेतलं. मग कॉलेजात काय झालं ते सांगितलं.

"म्हणजे लेखी येईपर्यंत हे क्रेट सोडायचे नाहीत," वनमाला म्हणाली.

"सोडायचे नाहीत."

"मग उभी काय राहिलीस? ती रांग ढासळतेय, लाव हात."

संध्याकाळी चैतन्यला लेखी हमी घेऊन स्वतः तिथे यावं लागलं. बायकांचं काम राहिलं, हातमोजे आणि गमबूट आले. सांडपाण्याच्या टाकीचं मात्र घोडं अडलं. दर्शना पास झाली, तेही जेमतेम. नोकरी अर्थातच दुसऱ्याला गेली. शकु दोन दिवस घुश्शात होती. मग एका सकाळी डबा हातात देत म्हणाली, "त्या टाकीचं काय झालं गं?"

"अजून नाही बसवली."

"मग जा की. तू घरात बसून राहिलीस तर बसणार आहे का ती?"