दारात चप्पल दिसेना

"एवढी मानसं येतात म्हनतेस, मंग दारात एक चप्पल का नाय दिसत गं?"

विमलबाई हे आपल्या सुनेला म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्याकडे. मोबाइल डोळ्यांपासून वीतभर लांब धरून, पिठात खडे निघाल्यावर गिरणीवाल्याकडे बघावं तशा. मित्रांनो, ही तक्रार माझ्याबद्दल होती. मी कडाव गावची एक जुनी वेबसाइट आहे. माझं नाव 'आयचे वाल'.

तुम्ही म्हणाल, वेबसाइटला कुठलं आलंय गाव? मलाही कधी कधी वाटतं, आपण नक्की राहतो कुठे? ज्याच्या मोबाइलवर उघडू तिथे आपलं बिऱ्हाड. पण जन्म माझा कडावातला, विमलबाईंच्या ओटीवरचा. तिथल्या उजव्या कोपऱ्यातच नेटवर्क येतं म्हणून लॅपटॉप भाताच्या कणगीवर ठेवून मला बनवलं होतं. अजूनही कणगी दिसली की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

मला बनवलं सुरभीने. विमलबाईंची मुलगी. कर्जतला कॉलेजात शिकत होती, आणि घरी आली की आईसोबत वाल सोलायला बसायची. आमच्याकडे भात कापून झालं की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. कडवे वाल. ते भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक चिमटीत दाबायचा. साल हातात राहतं आणि आतली डाळिंबी टुणकन उडते. कधी टोपात, कधी शेजारणीच्या पदरात. सोलायला येसूबाई आणि चिंधीकाकूही यायच्या. त्यांच्या गप्पा वालापेक्षा कडू असत, आणि तितक्याच चविष्ट.

सुरभीने आईच्या हातांचा एक फोटो काढला. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या, चिमटीत एक वाल, अर्धा सालातून बाहेर. तो माझ्या कपाळावर लावला. खाली लिहिलं, 'सांगाल तेव्हा भिजत घालू. मोड आले की सोलून देऊ. आधी फोन करा, मी सुरभी बोलते.' आणि तिचा नंबर. अगदी तळाला तिने किती पाहुणे येऊन गेले ते दाखवणारा एक छोटा आकडा बसवला. विमलबाईंना बाकी काही फारसं वाचता येत नसे, पण आकडा कळायचा. तो वाढला की त्या खूश होऊन म्हणत, "आला बाय आनखी एक. पानी दिलंस का त्याला?"

ते माझे चांगले दिवस होते. डोंबिवलीहून, ठाण्याहून लोक यायचे, फोन करायचे. सुरभी बोलायची, विमलबाई भिजत घालायच्या, थोरला भाऊ किरण पिशव्या घेऊन कर्जत स्टेशनावर जायचा. सुरभीचे वडील सदूभाऊ कमी बोलणारे. पण कोणी घरी आलं की सहज विचारल्यासारखं विचारायचे, "ते इंटरनेटवर आमचं हाय ना, बघितलंत का?" वेबसाइट हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता, अभिमान मात्र नीट बसला होता.

मग सुरभीने आपल्या पसंतीने, कोर्टात जाऊन लग्न केलं. मुलगा परजातीचा, नोकरी दूर कोइमतूरला. ती जायच्या आधी ओटीवर जे बोलणं झालं ते मी ऐकलं, पण सांगणार नाही. मोबाइल ती तिथेच ठेवून गेली. सदूभाऊंनी तो बंद केला आणि कपाटात, आपल्या लग्नातल्या फेट्याखाली सारला. त्या दिवसापासून त्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. कोणी घेऊ नका असंही कोणी म्हणालं नाही. नुसतं थांबलं, विहिरीचा रहाट थांबावा तसं.

मित्रांनो, वापरात नसलेली वेबसाइट कशी दिसते माहीत आहे? तशीच दिसते. हेच तर दुःख आहे. भांडं असतं तर काळं पडलं असतं, छत्री असती तर काडी मोडली असती, कोणाला तरी दया आली असती. मी आहे तशीच हसतमुख उभी. 'आधी फोन करा, मी सुरभी बोलते.'

फक्त एक पाहुणी यायची. येते अजून. ती काही शोधत येत नाही, सरळ येते, बहुतेक दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. आईच्या हातांच्या फोटोवर थांबते. तो बोटांनी ताणून मोठा करते, इतका मोठा की नुसता अंगठा दिसतो. मग जाते. माझ्या दाराची चावी तिच्याचकडे आहे, म्हणजे पासवर्ड. एकदा तिने तो वापरला. आत आली, आपल्या नावाच्या ओळीपाशी गेली. मला वाटलं, आता पुसणार. बराच वेळ ती तिथे थांबली. मग ओळ तशीच ठेवून निघून गेली. मी तिला काही सांगू शकले नाही. मला बोलता येत नाही, मित्रांनो, जे लिहिलंय तेवढंच दाखवता येतं. नाहीतर म्हटलं असतं, दर फाल्गुनात तुझी आई पहिल्या वालांना कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळते, डब्यात भरते आणि तोंडाला फडकं बांधून डबा बाजूला ठेवते. माहेरवाशिणीचा पहिला वाटा असतो तो. डबा कोणाचा हे कोणी विचारत नाही.

पुढे किरणचं लग्न झालं आणि हर्षला आली. खोपोलीची मुलगी, हाताला चपळ, बसून राहणं तिला जमत नाही. वाल पडून आहेत आणि येसूबाई, चिंधीकाकू रिकाम्या हाताने परत जातात हे बघून ती म्हणाली, "आई, वेबसाइट आहे ना आपली? मग माणसं आणू या तिच्यावर."

आणि तिने आणली! तिने शोधून काढलं की लोक आपल्यासारखं 'वाल' म्हणून शोधतच नाहीत. कोणी 'डाळिंब्या' लिहितं, कोणी 'बिरडं', कोणी 'मोड आलेले वाल कर्जत'. तिने वाल सोलतानाचे व्हिडिओ काढले आणि ते सगळे शब्द माझ्या पत्त्यासकट त्यांच्याखाली घातले. एका व्हिडिओत डाळिंबी उडून थेट चिंधीकाकूंच्या चष्म्यावर बसली. तो इतका फिरला की काकूंना कडाव नाक्यावर भाजीवाला ओळखायला लागला. पळसदरीच्या फार्महाऊसवर शनिवार-रविवारी पाहुणे येतात. हर्षलाने तिथल्या स्वयंपाकिणीला वाल दिले आणि ताटाशेजारी ठेवायला चिठ्ठ्या दिल्या, 'बिरडं आवडलं? वाल कुठले ते इथे बघा.' नकाशावर घर दाखवलं. गावातल्या एका टेंपोच्या मागे माझं नाव रंगवलं.

माझा तळाचा आकडा धावायला लागला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! लोक येत, फोटो बघत, 'फोन करा' वर बोट ठेवत. आणि फोन मात्र घरात वाजत नव्हता.

वाजणार कसा? माझ्यावरचा नंबर सुरभीचा. फेट्याखाली बंद राहून राहून तो नंबर कधीच मेला होता. हे किरणला ठाऊक होतं. सदूभाऊंना ठाऊक होतं. विमलबाईंना तर सगळ्यांच्या आधी. हर्षलालाही लग्नाआधी किरणने एकदाच, हळू आवाजात सगळं सांगितलं होतं, आणि ती शहाणी मुलगी असल्यामुळे सासरची रीत शिकली होती. मला वर सरकवताना त्या एका ओळीपाशी तिचा अंगठा भराभर चालायचा.

"नंबर तेवढा बदलायला हवा," ती कधीतरी म्हणायची.

"बघू," किरण म्हणायचा.

"नाहीतर नवीनच बनवते मी वेबसाइट."

"नको गं," विमलबाई घाईने म्हणायच्या, "जुनी चांगली हाय की. पायगुनाची हाय." मला खरं कारण माहीत होतं. सगळ्या घरात सुरभीचं नाव फक्त माझ्यावर लिहिलेलं उरलं होतं.

म्हणून मग सगळं केलं, एक सोडून. पिशव्यांवर नवीन नंबर छापला, पण पिशवी घरी पोचायला आधी फोन यायला हवा ना! विमलबाई आकडा बघून म्हणत, "पोरगी बघायला आल्यासारखी येतात बघ. पोहे खातात, कळवतो म्हनतात नि जातात." बोलून गेल्यावर त्या घाईने मोबाइल पालथा ठेवत.

यंदा वाल निघाले तेव्हा सदूभाऊंनी सांगून टाकलं. "येत्या सोमवारी व्यापाऱ्याचा टेंपो येल. सगळे वाल जातील. सोलायचं बिलायचं बंद, नि ते इंटरनेटवरचं पन बंद करा."

विमलबाईंनी टोपातले वाल उगाच ढवळले.

मित्रांनो, मी जुनी आहे, म्हणून एक मागते. माणसं बोलवायला तुम्ही पुढे खूप काही बनवाल. जरूर बनवा, सजवा, दहा गावांत नाव पोचवा. पण बनवून सोडून देऊ नका. अधूनमधून स्वतःच्या दारावर बाहेरून टकटक करून बघा, आत ऐकू जातं का ते. आणि चावी ज्याच्याकडे आहे त्याच्याशी बोलणं टाकू नका. इतकंच. आता रविवारचं सांगते.

रविवारी दुपारी उन्हं उतरताना दारात एक मोटरसायकल थांबली. हेल्मेट काढत एक तरुण ओटीपाशी आला, आणि त्याने चप्पल काढली. विमलबाई आधी त्या चपलेकडेच बघत राहिल्या.

"वालवाल्या विमलबाईंचं घर हेच का?"

"हो, या की. कुठशी आलाव?"

"मोहोपाड्याहून. रूपेश नाव माझं. तिकडे कंपनीत असतो." तो ओटीवर टेकला. "काकी, रागवू नका, पण तुमच्या वालांनी माझी झोप उडवलीय. रात्रपाळी करून दिवसा पडलो की फोन. सोललेले वाल आहेत का? म्हटलं, बाई, मी कंपनीत आहे. तर म्हणते, कंपनीचे नकोत, गावठी द्या."

हर्षलाला हसू आवरेना. वाल सोलत बसलेल्या येसूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"एकीनं विचारलं, बिरड्यात गूळ आधी घालू की नंतर? आता काय करणार! आईला विचारून सांगितलं." त्याने आपला मोबाइल पुढे केला. त्यावर मी उघडी होते, आणि हर्षलाच्या हातातही मीच. "हा नंबर आता माझा आहे, नवीन सिम घेतलं त्याला हाच मिळाला. तेवढा बदलून टाका. दोन मिनिटांचं काम."

हसू थांबलं.

"करतो," किरण म्हणाला. "ते जरा... पासवर्डचं हाय."

"कोणाकडे आहे पासवर्ड?"

किरण आढ्याकडे बघायला लागला. विमलबाई उठल्या. "चा घेनार ना?"

"चहा घेतो, आणि वालही द्या. एवढे फोन घेतले, म्हटलं आता खाऊन तरी बघू." रूपेशची नजर गोण्यांवरून फिरत कोपऱ्यातल्या डब्यावर गेली. "त्यातले द्या की. निवडून वेगळे ठेवलेले दिसतायत."

विमलबाई झटकन पुढे झाल्या आणि फडक्यावर हात ठेवला. "त्यातले नाय. ते ठेवलेले हायेत."

"बरं, बरं." तो ओशाळला, आणि बोलायचं म्हणून बोलला, "सुरभीताईंचे असतील. सगळे फोनवर त्यांनाच विचारतात. सुरभीताई आहेत का, सुरभीताईंना द्या. कोण आहेत त्या?"

इतक्या वर्षांनी ते नाव ओटीवर मोठ्याने आलं, आणि तेही तीनदा. येसूबाई टोपात बघू लागल्या. हर्षलाचा अंगठा नेमका त्या ओळीवर थांबला होता, आणि या वेळी तो पुढे सरकला नाही. विमलबाईंनी डब्यावरचा हात काढला नाही.

पायरीवर सदूभाऊ सुतळी वळत बसले होते. त्यांचे हात थांबले. त्यांनी सुतळी खाली ठेवली.

"माझी पोरगी हाय ती," ते म्हणाले. "ही वेबसाइट तिनंच बनवलेली हाय."