पाव फेरा जास्त

सुनेने भिंतीआडून डोकं काढलं, नेम धरला, श्वास रोखला आणि

पडदा जागच्या जागी थिजला. बंदूक तिथेच, धूर तिथेच, समोर पळणाऱ्याचा एक पाय हवेत. आवाज तेवढा घशात काटा अडकल्यासारखा घरघरत राहिला.

"झालं! परत हँग!" सुनेने कानावरचा हेडफोन टेबलावर आपटला. त्यातून तिच्या संघाच्या कॅप्टनचा आवाज बाहेर खोलीभर ऐकू येत होता. ही कॅप्टन एरवी शाळेत गणित शिकवते आणि खेळतानाही पट्टी हातात असल्यासारखी बोलते.

"बाई, तू परत पुतळा झालीस. शनिवारी चारला निवडीचा सामना आहे. त्यात बंद पडलीस तर पाचवी जागा दुसऱ्या कुणाला तरी देणार. मग माझ्यावर रुसायचं नाही."

"नाही पडणार बंद," सून म्हणाली. कुठल्या भरवशावर म्हणाली, ते तिलाच ठाऊक.

बाजूच्या स्टुलावर सासरे बसले होते. बसच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर. तिथे त्यांना सगळे पक्कड म्हणायचे, कारण त्यांनी आवळलेला नट सोडवायला दोन माणसं लागत. नट बसला की वर पाव फेरा जास्त, ही त्यांची सवय. निवृत्त झाल्यावर आवळायला काही उरलं नव्हतं. पाण्याचा नळ तेवढा. मग दोन महिन्यांपूर्वी सुनेने जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटरचे सुटे भाग मांडले, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचे स्क्रू तिच्याने फिरेनात आणि तिने हाक मारली, "बाबा, जरा हात लावता का?"

लावला.

*

वहीतून. अक्षर सुनेचं.

सोमवार. ४२ मिनिटांनी बंद. रॅमच्या पट्ट्यांची अदलाबदल केली. पट्टी कुठलीही असो, पहिल्या खाचेत बसली की मशीन अडतं.

मंगळवार. मैत्रिणीचा पॉवर सप्लाय मागून आणून लावला. २६ मिनिटं. तेच.

बुधवार. कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून नव्याने टाकलं. तापमान ठीक. १ तास ५ मिनिटं. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच

*

बुधवारी संध्याकाळी नवरा-बायकोची जुंपली.

"तुझ्या त्या मित्राची रॅम! वापरलेली आणू नको म्हटलं होतं."

"पट्टी बदलली तरी बंद पडतंय म्हणतेस, मग त्याच्या रॅमने काय पाप केलंय?"

"तिने खाच बिघडवली असेल."

"हो, आणि गेल्या वर्षीचा पूरही तिनेच आणला."

पक्कड स्टुलावरून ऐकत होते. पोराची जरा कीवही आली.

*

गुरुवारी सून एक्स-रे काढायच्या नोकरीवर गेली आणि जाताना पक्कडांना काम देऊन गेली: मशीन चालू ठेवायचं, बंद पडलं की वेळ लिहायची, बटण दाबून धरायचं, परत चालू. पक्कडांनी सकाळपासून चष्मा लावून ठाण मांडलं. ५१ मिनिटं. ३३ मिनिटं. मधल्या रिकाम्या वेळात त्यांनी वहीची मागची पानं चाळायला घेतली.

एका पानावर तपासायच्या गोष्टींची भली मोठी जंत्री होती. सगळ्यांवर बरोबरची खूण. एकच ओळ खोडलेली: कूलर काढून परत बसवणे. खाली बारीक अक्षरात: नको. बाबांनी बसवलाय.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तेवढं नाही.

त्या दिवशी सून कूलर धरून उभी होती. आपण पहिला स्क्रू घेतला, पूर्ण आवळला, वर पाव फेरा. मग दुसरा. मग तिसरा. इंजिनाचं हेड असं कुणी बसवलं असतं तर आपण त्याला कामावरून हाकललं असतं. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत जायचं, नाहीतर एक बाजू दबते आणि दुसरी उचलते. हे झोपेतही सांगता आलं असतं. मग इथे का केलं नाही? कारण मनात म्हटलं, खेळणं तर आहे, त्याला काय

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला. सून यायला चार तास होते. गुपचूप सैल करायचं आणि वर म्हणायचं, झालं बुवा आपोआप! कॅबिनेटचं झाकण उघडलं. पहिल्या स्क्रूवर टोक टेकवलं. मग पोराचं तोंड आठवलं. रॅमचं खापर त्याच्या डोक्यावर कायमचं राहिलं असतं.

झाकण तसंच उघडं ठेवून ते स्टुलावर बसून राहिले.

*

"बाबा, हे उघडं कसं?"

"माझ्या हाताने बिघडलंय ते. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेलाय."

सुनेने पिशवी खाली ठेवली.

"तुला संशय होता," पक्कड म्हणाले.

"होता."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"कसं बोलणार? जिन्यात भेटेल त्याला तुम्ही सांगत होतात, सुनेचं मशीन मी बसवलं म्हणून."

"आणि पंधरा दिवस नवऱ्याला बोललीस?"

"त्याला सवय आहे."

"ऐकतोय मी!" आतल्या खोलीतून मुलगा ओरडला.

स्क्रू सुनेला हलेनात. पक्कडांनीच सोडवले, तेही दात खाऊन. कूलर उचलला. खालची राखाडी पेस्ट एका कोपऱ्यात पुसल्यासारखी पातळ होती, समोरच्या कोपऱ्यात जाडसर थर.

"बघ," पक्कड म्हणाले. "उचललंय इकडून. खालच्या प्रोसेसरच्या पिना कधी टेकतात, कधी नाही. म्हणून ती पहिली खाच अडते."

सुनेने सगळं पुसलं, नवी पेस्ट लावली. पक्कडांनी स्क्रू ड्रायव्हर पुढे केला, दांडा तिच्या बाजूला. "तू आवळ. मी धरतो."

तिने दोन बोटांनी फिरवला. थोडा हा, थोडा समोरचा. मग थांबली.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच बाबा."

"हलेल गं."

"नाही हलणार."

पक्कडांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

*

शुक्रवार. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. चालू. (अक्षर पक्कडांचं. 'चालू'खाली दोन रेघा.)

*

शनिवारी चार वाजता सामना सुरू झाला. पक्कड पडद्याकडे बघतच नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. २६ मिनिटं गेली. ४२ गेली. सून ओरडत होती, समोरच्यांचा उद्धार करत होती. असले शब्द ती जाणते हे सासऱ्यांना आजच कळलं. तास उलटला, वर पाच मिनिटंही गेली. मशीन चालूच. शेवटच्या फेरीत सून धावत चौकात शिरली आणि डाव्या बाजूच्या जिन्यावरून कुणीतरी तिला टिपलं. सामना एका गुणाने गेला.

हेडफोनमधून कॅप्टन कडाडली, "डावीकडे बघायचं कुणी? सरळ तुझी चूक आहे ती! मंगळवारी सरावाला ये, अर्धा तास आधी. तुझे जिने घोटून घ्यायचेत."

सून खुर्चीसकट गर्रकन वळली. चेहरा फुललेला.

"बाबा, ऐकलंत? माझी चूक होती म्हणे!"