कचराकुंडीला कोणी धडक दिली

ताईने भावाला गाडी दिली ती एकाच अटीवर: परत येईल तेव्हा ती गाडीसारखी दिसली पाहिजे.

ताई दातांची डॉक्टर. दवाखान्यात तिच्यापुढे भलेभले मुकाट आ करतात, पण धाकट्या भावापुढे तिचं काही चालत नाही. त्याला घरात सगळे बाळ्या म्हणतात. संध्याकाळी बाळ्या परतला तेव्हा गाडीचा पुढचा बंपर मागच्या सीटवर बसून आला होता.

"काय केलंस हे?"

"कचराकुंडी मधे आली."

"चालत आली?"

"चिडू नकोस गं. विमा आहे ना? फक्त गाडी तू चालवत होतीस असं सांग. माझं लायसन्स संपलंय."

"कधी संपलं?"

"मध्यंतरी."

बाळ्याचं मध्यंतर वर्ष-दोन वर्षांचं असतं, हे ताईला ठाऊक होतं. तिने आईकडे पाहिलं. आई सोफ्यावर बसून वाटाणे सोलत होती. एरवी बाळ्याला फाडून खाल्लं असतं, पण आज ती मान खाली घालूनच म्हणाली, "सांगून टाक ना. लेकराला कशाला अडचणीत आणतेस?"

लेकराला टक्कल पडलं होतं. तरी ताईने कटकट नको म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. दार उघडलं आणि ताईचा चेहरा उतरला. सर्व्हेअरचा एक गाल टम्म सुजला होता. ती सूज तिचीच कामगिरी होती.

"डॉक्टर? तुमची गाडी आहे ही?" तो कसाबसा बोलला.

ताई तोंड उघडणार, तेवढ्यात मागून बाळ्या सुरू झाला. "काल सकाळी ताईच चालवत होती, साहेब. बाजाराच्या वळणावर अचानक..."

"काल सकाळी?" सर्व्हेअरने गाल धरला. "काल सकाळी यांचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते. अक्कलदाढ काढत होत्या. एकदाही बाहेर गेल्या नाहीत. मी बघत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं."

बाळ्याने आ वासला. ताईला सवयीने त्यातली किडलेली दाढ दिसली.

"म्हणजे, खरं तर मीच..." बाळ्या चाचरत म्हणाला.

"गप रे!" सोफ्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आईने ताट बाजूला ठेवलं. "मी चालवत होते."

ताईने वळून विचारलं, "आई, तुला गाडी येते?"

"येते म्हणजे काय, चांगली पळते. थांबवायचं अजून जरा कच्चं आहे."

आईने कपाटातून कोरं करकरीत लायसन्स आणलं. गुडघ्यांच्या व्यायामाला जाते म्हणून ती इतके दिवस ड्रायव्हिंग स्कूलला जात होती. हे फक्त बाळ्याला माहीत होतं, आणि त्याच्याकडून तिने शपथ घेतली होती. काल गाडीही त्याने तिच्यासाठीच मागून घेतली होती.

"मला का नाही सांगितलंस?" ताईचा आवाज जरा दुखावलेला होता.

"तू जिना उतरतानाही माझा हात धरतेस. किल्ली दिली असतीस?"



सर्व्हेअरने लायसन्स उलटसुलट करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, मग खोटं कशाला बोलत होतात? मालकच चालवायला हवा असं कुठे आहे? मालकाच्या परवानगीने, चालू लायसन्स असलेल्या कोणीही चालवली तरी तुमच्या पॉलिसीत चालतं. हे साहेब चालवत असते तर मात्र दावा नामंजूर झाला असता. आणि खोटं पकडलं गेलं असतं तर त्याहून वाईट." तो ताईकडे वळला. "परवानगी होती ना?"

आई ताठ उभी होती, पण बोटांनी पदराचं टोक पिळत होती.

"गाडी मी घरच्यांना दिली होती," ताई म्हणाली. "आणि ही माझी आई आहे."

दावा मंजूर झाला. बाळ्याची रवानगी लायसन्स नूतनीकरणाच्या रांगेत झाली.

त्या रविवारी आईने गाडी बाहेर काढली. ताई शेजारी बसली, एका हाताने दाराची कडी आणि दुसऱ्याने हँडब्रेक धरून.

"हात काढ तिथला," आई म्हणाली. "आणि डोळे उघड. मी उघडलेत."