झुंबरअक्काचा काटा

दिपमालाने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच हिसक्याला लागलं, मख्खनासारखं चालू लागलं, पण आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा शून्यावर ढिम्म बसून राहिला. तिने रेस दिली. इंजिन गरजलं, काट्याला काही पत्ताच नाही.

गाडी ब्याण्णव सालची, लाल. तिची ठिणगीसाठी झटका देणारी जुनी एकुलती एक कॉइल आणि तो चारही सिलिंडरना वाटणारा डिस्ट्रिब्युटर, दोन्ही कामातून गेलेले. असले भाग आता देवाला नवस बोलून मिळत नाहीत. म्हणून दिपमालाने जळगावच्या भंगार बाजारातून अलीकडच्या इंजिनाच्या चार कॉइल आणल्या, प्रत्येक सिलिंडरवर एक बसवली, आणि चौघींना ठिणगी कधी टाकायची ते सांगणारा एक छोटा कंट्रोल बॉक्स जोडला. "हे तुला जमायचं नाही," असं धुळ्यातल्या तीन गॅरेजवाल्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. जमलं की! फक्त काटा मेला.

"मरू दे," तिचे वडील वनाआबा स्टुलावरून म्हणाले. पारोळा रोडवरचं हे गॅरेज त्यांनी तीस वर्षं चालवलं होतं. आता हात थरथरतात म्हणून पाना दिपमालाच्या हातात आला होता. तोंड मात्र अजून आबांचंच चालायचं. "काट्याकडे कोण बघतं? गाडी आवाजावर चालवायची असते."

"मी बघस," बाकावरून झुंबरअक्का कडाडली. आबांचे ओठ तिने बरोबर वाचले होते.

झुंबरअक्का म्हणजे गाडीची मालकीण. वय अडुसष्ट, चोपड्याजवळ केळीचा मळा, नाकावर माशी बसू देणार नाही अशी बाई. गेल्या दोन वर्षांत तिचे कान पार गेले. कानाचं मशीन आणलं होतं, ते डोक्यात शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात पडलं. इंजिनाचा आवाज येईना तेव्हा तिने गाडी सोडली नाही, तिने काट्याशी संधान बांधलं. काटा अडीच हजारावर गेला की वरचा गेअर, दीड हजाराखाली आला की खालचा. दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावले, परवाना नव्याने करून घेतला. दर मंगळवारी नव्वद किलोमीटर गाडी चालवत ती धुळ्याला अंथरुणाला खिळलेल्या बहिणीकडे, सुमनबाईकडे यायची. कोणाला न विचारता यायची, आणि यातलं 'न विचारता' हेच तिला सगळ्यात प्यारं होतं.

मुलाचं, प्रेमराजचं, म्हणणं वेगळं. दिवाळीत आईने गोठ्याच्या खांबाला गाडी घासली तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. त्याची भीती खोटी नव्हती, पण भीतीने माणूस हुकूम सोडायला लागतो तसा तो सोडायला लागला. आज दुपारी चारला तो समाधान नावाच्या ड्रायव्हरला घेऊन येणार होता. काटा चालत नसेल तर आजपासून गाडी समाधानच्या हातात, कायमची. पुढे मंगळवारी जायचं असेल तर आधी प्रेमराजला सांगायचं, मग समाधान मोकळा आहे का ते पाहायचं.

हे सगळं अक्काने सकाळी सांगितलं तेव्हा आपण काय करून बसलो ते दिपमालाच्या लक्षात आलं. इंजिन सुधारता सुधारता तिनेच या बाईची वाट बंद केली होती. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या समाधानचा, ज्याचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं.

"नवीन मीटर लावून टाक," आबा म्हणाले.

"चार वाजायच्या आत कुठून आणू? हाच चालेल."

"नाही चालला तर?"

"चालेलच," ती म्हणाली. कसा, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

काट्याला पूर्वी त्या एका कॉइलकडून ठोका मिळायचा. म्हणून तिने चारपैकी एका कॉइलची वायर त्याला जोडून पाहिली. काटा उठला! आबांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच ठेवले. इंजिन आठशेवर चालत होतं, काटा दोनशे दाखवत होता. एक कॉइल आपल्यापुरतंच सांगणार, बाकी तिघींचं कोण सांगणार?

"चारने गुणायचं, झालं," आबांनी तोडगा काढला.

दिपमालाने तो पाटीवर लिहून अक्काला दाखवला. अक्काने आबांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "वना, मी गाडी चालाडू का पाढे म्हनू?"

आबांनी पाटी घेऊन आपला तोडगा स्वतःच पुसून टाकला. गॅरेजमध्ये असा प्रसंग क्वचित यायचा.

चौघींचे मिळून ठोके कंट्रोल बॉक्सच्या एका वायरवर येत होते, पण त्यांत जीव नव्हता. जुनी कॉइल बंद होताना शेकडो व्होल्टचा झटका द्यायची, काट्याला त्याचीच सवय; हा बॉक्स बारा व्होल्टच्या टिचक्या मारत होता. झटका हवा तर कॉइल हवी. दिपमाला वायर हातात धरून बसली, आणि एकदम उठून शेजारच्या मगनच्या दुकानात घुसली.

मगन शेतातल्या पंपांचे ऑटो स्टार्टर दुरुस्त करायचा. खान्देशात वीज तिच्या मर्जीने येते, म्हणून मळ्यामळ्यात तो डबा असतो. वीज आली की पंप आपोआप सुरू. बिघडलेल्या डब्यांचा मगनकडे ढीग होता. दिपमालाने एक डबा उघडून त्यातला बारा व्होल्टचा रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडझाप करणारा स्विच, उपटला.

"पंपनं सामान गाडीमा? डोकं फिरनं का तुनं?" मगन म्हणाला.

"फिरलंय," ती म्हणाली आणि निघालीसुद्धा.

रिलेच्या पोटात तारेचं एक छोटं वेटोळं असतं, म्हणजे कॉइलच. त्याचं एक टोक तिने बॅटरीच्या लाइनला जोडलं, दुसरं कंट्रोल बॉक्सच्या वायरला, आणि तिथूनच काट्याला फाटा दिला. बॉक्सने प्रत्येक टिचकीला प्रवाह तोडला की वेटोळं उसळून झटका देणार. चावी फिरवली, तर रिलेची पट्टी कडकड वाजायला लागली आणि काटा भूत लागल्यासारखा नाचायला लागला. पावणेचार झाले होते. आबांनी कपाळाला हात लावला.

दिपमाला हसली. काटा नाचतोय म्हणजे झटका पोचतोय, अडचण फक्त त्या हलणाऱ्या पट्टीची. तिने चिमट्याने पट्टी उपसून फेकून दिली, नुसतं वेटोळं ठेवलं आणि पुन्हा चावी फिरवली.

काटा उठला आणि थांबला.

"आबा, डोळे मिटा. सांगा किती."

आबांनी डोळे मिटले. "साडेआठशे."

काटा साडेआठशेवर होता. तिने रेस दिली.

"दोन हजार. थोडे वर."

काटा दोन हजाराच्या जरा पुढे होता. दिपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते ग्रीसच्या हाताने पुसलं आणि तोंड काळं करून घेतलं.

प्रेमराज समाधानला घेऊन आला तेव्हा अक्का स्टिअरिंगवर बसली होती. काटा पाहून त्याचा चेहरा पडला. काच खाली होती. तो आईसमोर वाकला आणि सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाला, "माय, काटा चालस, मान्य शे. पन तुले काही व्हयनं तं मी काय करू?"

अक्का त्याच्याकडे वळली. राग तिच्या तोंडावर तयार होता, तो तिने गिळला.

"माले ऐकाले येत नही, दिसस," ती म्हणाली. "ज्या दिन हाऊ काटा दिसाना बंद व्हई, त्या दिन मी सोता किल्ली तुना हातमा देसू. कोनले सांगानी गरज पडाव नही. तवलगून मांगे बस."

प्रेमराज सरळ झाला. मग समाधानला त्याने एसटी स्टँडचा रस्ता दाखवला, मागचं दार उघडलं आणि बसला.

गाडी पारोळा रोडला लागली. काटा दिपमालाला गॅरेजच्या दारातून दिसणं शक्य नव्हतं, पण आबांनी कान दिला, आणि अडीच हजारावर गेअर बदलल्याचं त्यांनी तिला सांगितलं.