जाड पट्टा

"शहिस्ता, हा पट्टा काढून टाक. मधली रेघ ठेव, बास," संदेशसर म्हणाले.

पडद्यावर टायटन होता, शनीचा चंद्र. सूर्यप्रकाशाने तिथल्या हवेतला मिथेन फुटतो, त्यातून बेंझीन किती तयार होतं, हे शहिस्ता दोन वर्षं संगणकावर मांडत होती. आलेखात एक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना करडा, जाड पट्टा.

"नाही काढता येणार सर. चार अभिक्रियांचे वेग तिथल्या थंडीत कुणी मोजलेच नाहीत. इथले आकडे आपण ओढूनताणून तिकडे लावलेत. ते जरा मागेपुढे करून हजारदा गणित चालवलं, तर उत्तर दहापटीने हलतं. तो पट्टा हेच उत्तर आहे."

"पैसे देणाऱ्या समितीला उत्तर हवं असतं, शंका नको. हे बघून प्रकल्पाला मुदतवाढ कोण देईल? तुझी नोकरीही त्यातच आहे."

लोणावळ्याच्या त्या संस्थेतला तिचा करार मार्चअखेर संपत होता, हे तिला ठाऊक होतं. पण स्वतःचं अज्ञान झाकायला हा माणूस आपल्याच हातात खोडरबर देतोय, याचा तिला संताप आला.

"मग माझं नाव काढा."

"वेडी आहेस का? दोन वर्षांची मेहनत आहे तुझी!"

"आहे ना. म्हणूनच काढा."

संध्याकाळी भाजे गावातल्या घरी आल्यावर तिने अब्बांना सगळं सांगितलं. अब्बा म्हणजे अल्लाउद्दीनभाई; ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. आताही अंगणात एक उघडून बसले होते.

"येवढं काय त्यात? मार की येक रेघ. तितं कोन बघाया जातंय?"

"दोन वर्षं मी तिथंच होते अब्बा!" शहिस्ता ताडकन म्हणाली. आत जाऊन तिने सरांना आपलं नाव काढायचं लेखी कळवून टाकलं.

मार्च संपला, करारही संपला. यात मात्र कसलीच अनिश्चितता नव्हती.

एप्रिलमध्ये संस्थेच्या दत्तोबा शिपायाने आठवणीने छापील अहवाल घरी पाठवला. आलेखात एकच ठसठशीत रेघ होती. अब्बांनी ग्रीसच्या हातानेच पहिलं पान उघडलं आणि नावांवरून बोट फिरवलं. चार नावं संपली.

"तुजं न्हाई व्हय ह्यात?"

"मीच काढायला लावलं."

"खोटं छापलंय?"

"खोटं नाही अब्बा. आहे त्याहून जास्त खात्रीने छापलंय."

अब्बांचं बोट चौथ्या नावाखालीच टेकलेलं होतं. उचललं, तेव्हा कोऱ्या जागेवर काळा ठसा उमटला होता. ते ओशाळून सदऱ्याच्या टोकाने पुसायला गेले.

शहिस्ताने पुसू दिला नाही.